कागद कुणाच्या हातचा?

१२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारास जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. सुपे आज बारामती तालुक्यात असले, तरी त्या काळी ते भीमथडी तालुक्यात मोडत असे आणि आजच्या दौंड तालुक्याचा मुलूखही त्याच भीमथडीत होता. ठिणगी मात्र त्यापूर्वीच, भीमेच्या पलीकडे पडली होती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या बळावर गावच्या देशमुखाचे घर पाडावयास घेतले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कुणी राबेना, त्यांचे पाणी कुणी भरीना. सुप्यास लूटही झाली; परंतु पुढे हे लोण गावोगाव पसरले तेव्हा जमावाची मागणी बहुधा एकच असे : रोखे आणि खतपत्रे बाहेर काढा. ती हाती पडली की त्यांची होळी होई, आणि ती निमूटपणे मिळाली तर सावकाराच्या अंगास सहसा हात लागत नसे.

‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या प्रकरणास २०२५ साली दीडशे वर्षे झाली. कर्जबाजारीपणाचा इतिहास म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. तथापि या घटनेत आणखी एक अर्थ दडलेला आहे, तिकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. कुणब्याने जाळला तो कागद होता. त्या कागदावर त्याचे नाव होते, त्याच्या जमिनीचे वर्णन होते, सहीच्या जागी नांगराची निशाणी होती. नव्हता तो फक्त त्याचा स्वतःचा शब्द. जे आपल्याविषयी लिहिले आहे ते आपणांस वाचता येत नाही, आणि जे आपणांस सांगावयाचे आहे ते लिहिता येत नाही, ही ती कोंडी होती.

सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याने साक्षी घेतल्या, आणि त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा रोखा सरकारने नेमलेल्या निबंधकासमक्षच लिहिला गेला पाहिजे असा दंडक घातला. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातावर देखरेख हवी, एवढे सरकारने मान्य केले. परंतु रयत आयोगापुढे बोलली ती विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरापुरती, आणि अहवालात अवतरली ती इंग्रजीतून.

आज शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत महाविद्यालये आहेत. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आणि दौंडचे कटारिया महाविद्यालय यांतून कुणब्यांची, मजुरांची, रेल्वे कामगारांची, मेंढपाळांची मुले-मुली पदवीधर होऊन बाहेर पडतात. लेखणी हातात आली. मग आता तरी कागद त्यांच्या हातचा आहे काय? हा प्रश्न विद्यापीठास विचारण्याची वेळ आली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्याख्यानाची एकेरी वाट

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. विद्येचा लाभ चार भिंतींबाहेरच्या समाजासही मिळावा, या हेतूने विद्यापीठाने बहिःशाल शिक्षण मंडळ चालविले आणि जयकरांच्याच नावाची व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत नेली. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी, जेथे एरवी वगनाट्य, कीर्तन आणि निवडणुकीची सभा याखेरीज जाहीर बोलणे कानी पडत नसे, तेथे विज्ञानावर, अर्थकारणावर, वाङ्मयावर बोलणारी माणसे येऊ लागली. अनेकांना पुस्तकाची गोडी अशा व्याख्यानांनीच लागली असेल.

परंतु या वाटेवरून रहदारी एकाच दिशेने झाली. वक्ता शहरातून येतो, तासभर बोलतो, श्रीफळ आणि शाल स्वीकारतो, आभारप्रदर्शन होते आणि शेवटच्या एस.टी.ने किंवा संस्थेच्या मोटारीने तो परत जातो. तो दुष्काळावर बोलून गेला असेल, तर समोरच्या रांगेत बसलेल्या, १९७२ साली दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या आजोबांना काय सांगावयाचे होते, हे त्यास कधीच कळत नाही. विद्यापीठाला विस्तार हवा होता. तो त्याने आपल्या आवाजाचा केला. आपल्या कानांचा विस्तार करावयाचा राहून गेला.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे, ज्ञानाचाही आहे. मराठीत घडलेल्या गोष्टी सांगणाऱ्या गद्याची परंपरा मोठी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या पुस्तकांनी महाराष्ट्रीय समाजाचे जे ज्ञान दिले, ते किती शोधप्रबंधांनी दिले असेल? याच जिल्ह्यातील ओतूरचे अनिल अवचट गावोगाव हिंडून, माणसांशी बोलून जे लिहीत, तेही याच जातीचे. यांत कल्पित काही नाही. तरीही कथेने धरून ठेवावे तसे हे लेखन वाचकास धरून ठेवते. पाश्चात्त्य विद्यापीठांत अशा लेखनासाठी आज स्वतंत्र अभ्यासक्रम आणि केंद्रे आहेत. आपल्याकडे हे लेखक आपापल्या बळावर उभे राहिले. जे असे उभे राहू शकले नाहीत त्यांची मोजदाद कुणी करावयाची?

केडगावचा छापखाना, सविंदण्याची ओवी

या दोन तालुक्यांना या कामाची परंपरा नाही असे मात्र नव्हे. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रिया आणून मुक्तिसदन वसविले. रमाबाई स्वतः सत्यकथनाच्या थोर लेखिका. अमेरिकेतील लोकस्थितीचे आणि प्रवासाचे वृत्त त्यांनी १८८९ साली मराठीत प्रसिद्ध केले आणि आपल्या जीवनाची साक्षही पुढे लिहून ठेवली. केडगावास त्यांनी छापखाना घातला. तेथे खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे आश्रमातील स्त्रिया करीत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यातून, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली पूर्ण छापून निघाले. त्यांच्या धर्मविचारांशी कुणाचे मतैक्य असो वा नसो. ज्या मुलींना जगाने टाकून दिले होते, त्यांच्या हाती छपाईचे खिळे देणारी संस्था दौंडच्या माळावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चालत होती, ही गोष्ट विसरता येणार नाही. फक्त एक उणीव राहिली. त्या शेकडो मुलींनी स्वतः काय पाहिले होते, कोणत्या वाटेने त्या केडगावास पोहोचल्या, हे बहुतांशी त्यांच्या हातून छापले गेले नाही. त्यांच्या हकिकती मिशनच्या अहवालांतून इतरांच्या शब्दांत उरल्या.

दुसरे उदाहरण शिरूर तालुक्यातले. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम अनेक वर्षे केले. एक हजारांहून अधिक गावांतून जमविलेल्या या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे, आणि त्या देणाऱ्या गावांत शिरूर तालुक्यातील सविंदणे हेही एक आहे. पहाटेच्या अंधारात, घरातील कुणी ऐकत नाही अशा वेळी, बाईने जात्यापाशी जे सांगितले ते तिचे आत्मवृत्तच होते. सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, सीतेचा वनवास, बाबासाहेबांचे नाव, हे सारे तिने त्यात गुंफले. गिरण्या आल्या आणि जाते अडगळीत गेले. वेळेवर कुणी ऐकावयास गेले, म्हणून हा ठेवा उरला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे काम एका छोट्या संशोधन संस्थेने आणि गावातल्याच कार्यकर्त्या स्त्रियांनी केले. विद्यापीठांनी ते आपले काम मानले नव्हते.

जे अद्याप लिहावयाचे आहे

आता प्रश्न येतो, लिहावयाचे उरले तरी काय? थोडी नजर फिरविली तरी पुरे.

पुण्याच्या वरच्या अंगास वरसगाव धरण झाले आणि त्यात बुडालेल्या गावांतील कुटुंबांना दौंड तालुक्यात जमिनी देण्यात आल्या. खडकवासल्याचा कालवा हवेली, दौंड, इंदापूर असा जातो आणि त्या कालव्यास ज्या धरणांचे पाणी येते त्यांत वरसगाव आहे. म्हणजे ज्या पाण्याने गाव बुडविले, त्याच पाण्याची पाळी नव्या शेतावर कधी येते याची वाट पाहण्याचे दैव काही कुटुंबांच्या वाट्यास आले. मावळातील भात पिकविणारा माणूस भीमाकाठच्या काळ्या जमिनीत ऊस लावावयास कसा शिकला? जुन्या गावकऱ्यांनी त्यास पहिल्या वर्षी काय म्हटले? ग्रामदैवताची मूर्ती कुणी, कशी आणली? पुनर्वसन खात्याच्या दप्तरात याचे उत्तर मिळणार नाही.

दौंड हे जंक्शन. १८७८ साली मनमाडकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि निरनिराळ्या प्रांतांची, धर्मांची, भाषांची माणसे रेल्वेच्या चाळींत एकत्र नांदू लागली. वाफेच्या इंजिनावर कोळसा ओढलेली पिढी आता अस्तास चालली आहे. तिकडे शिरूर तालुक्यात रांजणगावास औद्योगिक वसाहत उभी राहिली. जमिनीचा मोबदला कुणास तारून गेला आणि कुणास बुडवून गेला, परप्रांतीय कामगारास खोली भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात काय बदलले, हे सांगणारी माणसे आज आहेत. दरवर्षी ऊसतोडणीस येणाऱ्या टोळ्यांतील मुले, गुऱ्हाळावर राबणारे मजूर, मेंढरे घेऊन वाटेवर संसार मांडणारे धनगर, या साऱ्यांच्या हकिकती आपण बातमीत चार ओळींपुरत्या वाचतो, त्याही बहुधा अपघात झाला तर.

आणि यात काळाचा तगादा आहे. १९७२ च्या दुष्काळात जो विशीत होता, त्याने आज सत्तरी ओलांडली आहे. सुकडीची चव, मिलोच्या भाकरीचा रंग, पाझर तलावाच्या कामावर झोळीत निजविलेले मूल, हे ज्यांना आठवते ती माणसे आणखी पंधरा वर्षांनी विचारावयास उरणार नाहीत. दस्तऐवज कपाटात शंभर वर्षे राहतो. आठवण माणसाबरोबर जाते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. १ जानेवारी २०१८ रोजी शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. त्याच्या कारणांची छाननी करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एवढे म्हणावयास हरकत नसावी, की शेजारी राहणारी माणसे एकाच भूतकाळाचे दोन वृत्तान्त पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या घरात सांगत राहिली आणि ते दोन्ही एका जागी, शांतपणे, पुराव्यानिशी ऐकण्याची व्यवस्था कुणी केली नाही, तर मधली जागा अफवा बळकावते. ऐकण्याच्या संस्था नसणे ही केवळ सांस्कृतिक उणीव नाही, ती सामाजिक जोखीम आहे.

केंद्र असावे ते कसे

यास्तव विद्यापीठाने या दोन तालुक्यांसाठी एक छोटेसे सत्यकथन केंद्र स्थापन करावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. ते पुण्यात गणेशखिंडीत नसावे. भीमेच्या अलीकडे वा पलीकडे, तालुक्याच्या महाविद्यालयात असावे. त्यास नवी इमारत नको. एक खोली, एक कपाट, दोन ध्वनिमुद्रण यंत्रे, आणि ज्याचा अध्यापनाचा भार थोडा हलका केला आहे असा एक मनापासून काम करणारा प्राध्यापक एवढे आरंभास पुरेल.

विद्यार्थी कोठून आणावयाचे, हाही प्रश्न नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाज सहभाग यांस आता श्रेयांक आहेत. हे श्रेयांक मिळविण्यासाठी फलक धरून काढलेली छायाचित्रे आणि एकमेकांवरून उतरविलेले अहवाल सादर होऊ लागले, तर एका चांगल्या तरतुदीची माती होईल. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभरात एका माणसाचे नीट ऐकावे आणि त्याची दहा पाने लिहावीत. आजीपासून प्रारंभ केला तरी चालेल.

या कामास मात्र काही नियम हवेत. पहिला, आठवण आणि दप्तर यांची गाठ घालण्याचा. सांगणाऱ्याने सांगितले ते आदराने लिहावे. पण फेरफाराची नोंद, शाळेचे दाखल-खारीज पुस्तक, कारखान्याची जुनी नोंदवही यांच्याशी ते ताडून पाहावे. दोहोंत विसंगती आढळली तर ती लपवू नये. कित्येकदा खरी गोष्ट त्या विसंगतीतच असते. दुसरा नियम भाषेचा. शिरूरच्या बाईचे बोलणे प्रमाण मराठीत धुऊन घेऊ नये. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : आधी गावात वाचून दाखवावे, मग छापावे. ज्याची हकिकत आहे त्याने ती ऐकून ‘हे असे नव्हते’ म्हटले, तर लेखणी थांबली पाहिजे. नाव द्यावयाचे की नाही हेही त्यानेच ठरवावे. अन्यथा आपण पुन्हा तोच रोखा लिहू, ज्यावर निशाणी एकाची आणि शब्द दुसऱ्याचे.

विचारणारा कोण, यावर उत्तर कसे ठरते याचा धडा परदेशात मिळालेला आहे. १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकी सरकारने बेकार लेखकांना काम देऊन पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक हकिकती लिहवून घेतल्या. तो अमोल ठेवा आहे. पण विचारणारे बहुतेक गोरे होते, आणि गोऱ्या माणसापुढे वृद्ध काळा माणूस सारे बोलत नसे, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. आपल्याकडे जात हा तोच अडसर आहे. म्हणून वस्तीवरच्या, पालावरच्या, तांड्यावरच्या मुलांनाच या केंद्रात प्रथम बोलावले पाहिजे. पाहुणे म्हणून नव्हे, लेखक म्हणून. स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट यांनी १९७८ साली कामगारांना ‘जेथे उभे आहात तेथेच खणा’ असे सांगणारे पुस्तक लिहिले, तेव्हा आपल्या कारखान्याचा इतिहास आपणच शोधावा, अशी चळवळ त्यातून उभी राहिली. साखर कारखान्याच्या सभासदांस आणि कामगारांस हे आवाहन लागू पडू नये असे नाही.

आक्षेप आणि उत्तरे

काही आक्षेप येतील. ग्रामीण तरुणास नोकरी हवी आहे, गोष्टी नकोत, असे म्हटले जाईल. नोकरी हवी हे निर्विवाद. परंतु समोरच्याचे लक्षपूर्वक ऐकणे, खरे-खोटे पारखणे आणि स्वच्छ मराठीत मांडणे ही तीन कौशल्ये ज्यास आली, तो वार्ताहर होवो, ग्रामसेवक होवो, वकील होवो वा शिक्षक, कोठेही उणा पडणार नाही. पदवी घेऊनही एक अर्ज धडपणे लिहिता न येणाऱ्या तरुणास नोकरी तरी कोण देणार?

दुसरा आक्षेप शास्त्राचा. विद्यापीठ हे ज्ञानपीठ आहे, कथेकऱ्याचा ओटा नव्हे, असे काही विद्वान म्हणतील. त्यांना त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाचे स्मरण द्यावे. कोणत्याही विद्यापीठाच्या आसनावर न बसलेल्या, गावोगाव हिंडलेल्या एका महसुली अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, आणि मराठी समाजशास्त्राचा पाया म्हणून आपण आजही तो ग्रंथ वाचतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खरे लिहिले तर गावात भांडणे होतील, संस्थाचालक रागावतील, पुढारी दबाव आणतील. होय, हे होईल. म्हणूनच हे काम एकट्यादुकट्या तरुणाच्या खांद्यावर टाकून चालणार नाही; त्यामागे विद्यापीठासारखी संस्था उभी हवी. एकट्याने लिहिलेले सत्य त्यास गावात एकटे पाडते. संस्थेच्या छत्राखाली, ताडून पाहिलेले आणि गावापुढे वाचलेले सत्य पचविण्याची संधी गावास मिळते.

विद्यापीठाच्या नावाचाच आधार शेवटी द्यावासा वाटतो. २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा-पंधरा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. सुप्याच्या बाजारात रोखे पेटले त्यापूर्वी वीस वर्षे, याच पुणे परगण्यात, एका मुलीने आपल्या लोकांचा कागद आपल्या हाताने लिहिला होता. शिकविणारा ऐकावयास तयार असला म्हणजे काय घडते, त्याचा तो पुरावा आहे.

करडे गाव आजही तेथेच आहे, आणि तेथील मुले आज शिरूरच्या महाविद्यालयात जात असतील. करड्यात १८७४ च्या हिवाळ्यात काय घडले हे त्यांना एखाद्या पाठ्यपुस्तकातील ओळीवरून कळले तर कळते. घरातील म्हाताऱ्या माणसांनी त्याविषयी काय ऐकले होते, हे त्यांना कुणी विचारलेले नसते, आणि त्यांनीही कुणास विचारलेले नसते. या वर्षी त्यांतील एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन ओट्यावर बसावे आणि विचारावे. आलेले उत्तर जपून ठेवण्याची जागा विद्यापीठाने तेवढ्यात तयार करावी.